दोन नावांचा उन्हाळा

एप्रिल लागला की आमच्या घरी दरवर्षी तेच भांडण. मुलगा म्हणतो, "आई, एसी हाये ना आता, कूलर काहून काढाले लावून राहिली?" मी म्हणते, काढ. तो कुरकुरत गच्चीवरच्या खोलीतून तो पत्र्याचा खोका खाली आणतो. मी इतवारीच्या बाजारातून आणलेला वाळा त्याच्या ताट्यांत भरून घेते, पाण्याची पहिली बादली ओतली जाते आणि तो वास सुटतो. येणारे-जाणारे म्हणतात, अहाहा, काय थंड वाटलं! मला नाही वाटत. त्या वासानं माझ्या पोटात आजही आग पडते. मग काढायला लावता कशाला, असं कोणी विचारलं तर सांगते, आग पडावी म्हणूनच. या वयात पोटात काही पेटतं हेही कमी नाही.

तो उन्हाळा सत्तरच्या दशकातला. नागपूरच्या नंदनवन वस्तीत तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त. दुपारच्याला रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. आमच्याकडे कूलर नव्हता. पुढच्या खोलीच्या खिडकीला वाळ्याची ताटी बांधलेली होती आणि तिच्यावर बाहेरून पाणी मारायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी थोरली सून. ताटीच्या आतल्या बाजूला, घरातल्या सगळ्यात थंड जागी, सतरंजी टाकून माझी धाकटी जाऊ मंगला कागद लावत बसायची. कॅनडात कायमचं राहायला जायचे कागद. ती नर्स होती आणि त्या देशाला नर्सा पाहिजे होत्या. अर्ज तिच्या नावानं होता, तिच्या कामावर होता. माझा दीर वसंता तिच्यामागे तिचा नवरा म्हणून जाणार होता. ती आत बसून परदेशाची तयारी करत होती आणि मी उन्हात उभी राहून तिच्यासाठी गार हवा करत होते.

मला तिचा हेवा वाटत होता असं म्हटलं, तर ते इस्त्री करून सांगितल्यासारखं होईल. मी जळत होते. दारात तिचे पांढरे बूट दिसले की जळायचे. ती ड्यूटीवरून आली आणि सासूबाईंनी तिला आधी पाणी दिलं की जळायचे. या सासूबाई तीन वर्षांपूर्वी "नर्स काय करायची आपल्याले?" म्हणून नाक मुरडत होत्या. आता शेजारणीला सांगायच्या, "आमची मंगला फॉरेनले जाऊन राहिली बाप्पा." थोरलीचं काय चाललंय, हे शेजारणीही विचारत नव्हत्या.

आणि गंमत अशी, की तिला या घरात आणलं कोणी? मीच. आम्ही दोघी उमरेडच्या, एकाच शाळेतल्या. ती माझ्या बरीच मागे. तेव्हा ती लीला होती आणि मी इंदू. शाळेच्या दाखल्यावर इंदुमती, पण गावाला इंदू, आणि ती लहान म्हणून तिची इंदूताई. वसंतासाठी मुली पाहणं सुरू झालं तेव्हा मीच म्हटलं, आमच्या गावची एक मुलगी आहे, गरीब आहे, शहाणी आहे. मनात म्हटलं, आपल्या गावची, आपल्याहून लहान, आपल्या शब्दात राहील. स्वतःच्या हातानं घरात आणलेलं दुखणं कोणाजवळ सांगायचीही सोय नसते.

खरं तर नर्सिंगला मी जाणार होते. मॅट्रिकला माझे गुण चांगले होते, फॉर्मही आणला होता. बाबा जेवत होते. मान वर न करता म्हणाले, "रात्रपाळी करनाऱ्या पोरीले कोन मागन वं?" आणि त्यांनी ताक मागितलं. तेवढ्यात विषय संपला. लीलाचे वडील ती लहान असतानाच गेले होते, त्यामुळे तिला असं विचारणारं कोणी नव्हतं. तिची आई लोकांच्या हातमागावर कामाला जायची. ट्रेनिंगमध्ये राहायला-खायला मिळतं, वर थोडं विद्यावेतन मिळतं, म्हणून तिनं पोरीला एसटीत बसवून दिलं. म्हणजे तिला बाप नव्हता म्हणून ती शिकली आणि मला बाप होता म्हणून मी राहिले. त्या उन्हाळ्यात मला तिच्या बाप नसण्याचासुद्धा हेवा वाटला. माणसाच्या मनात इतकं वाईट येऊ शकतं, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माझ्या ताटात यांनी 'सुनंदा' लिहिलं. यांना आवडायचं म्हणून. मी वाकून पाहिलं आणि मनात म्हटलं, ही कोण बाई? सगळ्यांनी साखर खाल्ली. पुढे वसंताच्या लग्नात त्यानं 'मंगला' लिहिलं, ते सासूबाईंनी आधीच ठरवून दिलेलं. ते तांदूळ नंतर कधीतरी भातात जातात. नाव जन्माला चिकटतं. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात लीलानं सवयीनं मला स्वयंपाकघरातून हाक मारली, "इंदूताई, मीठ कुठं हाये?" सासूबाई देवघरातून म्हणाल्या, "इथं कोनी इंदू नाही वं. जाऊबाई म्हन." तेव्हापासून ती जाऊबाई म्हणायची, मीही तिला मंगला म्हणायचे. आम्ही दोघींनी एकमेकींना उमरेडच्या बसस्टँडवर सोडून दिलं होतं.

कागद म्हणजे किती कागद! मला वाटायचं देश सोडायला धैर्य लागतं; लागतात प्रती. प्रत्येक दाखला टाइप करून घ्यायचा आणि कोणा गॅझेटेड ऑफिसरकडून 'खरी प्रत' असा शिक्का मारून आणायचा. वसंता सायकलवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून, खिशात कांदा ठेवून, असल्या साहेबांच्या दारात बसून यायचा. इकडे गच्चीवर माझ्या कुरडया वाळत. गहू भिजवून, वाटून, चीक शिजवून, पहाटे सोऱ्यानं घातलेल्या. खाली तिचे कागद विटेखाली दाबलेले, वर माझ्या कुरडया विटांनी दाबलेल्या धोतरावर. वाऱ्यानं माझं काही उडालं तर कोणी धावत नसे. तिचा एक कागद उडाला तेव्हा अख्खं घर अंगणात होतं.

जन्मतारखेचीही मजा झाली. उमरेडच्या शाळेत नाव घालताना मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आया सांगायच्या, पोळ्याच्या आसपासचा, नाहीतर गावात माकडं आली होती त्या साली. मास्तर मग शाळा उघडायच्या सुमाराची एक सोयीची तारीख टाकून मोकळे व्हायचे. त्यामुळे माझी, लीलाची आणि निम्म्या उमरेडची जन्मतारीख एकच, साल तेवढं वेगळं. वसंताचीही तशीच निघाली. तो म्हणाला, "वहिनी, कॅनडावाले म्हनतीन, या लोकाईचं काय एकाच दिवशी बाळंतपन होते काय?" आम्ही सगळे हसलो. हसता हसता मला वाटलं, तारीख एक, गाव एक, शाळा एक, घरसुद्धा एक. मग ती सतरंजीवर आणि मी बादलीशी, हे कुठं ठरलं?

तिकडे गुण द्यायची पद्धत होती. वयाला इतके, शिक्षणाला इतके, इंग्रजीला, कामाला, अनुभवाला. ती दोघं बोटांवर मोजत बसायची. मी भाकरी थापताना स्वतःला गुण द्यायचे. वय, बरं. शिक्षण, मॅट्रिक. इंग्रजी, तिच्यापेक्षा चांगलं. तिच्या अर्जातली दोन वाक्यं मीच दुरुस्त केली होती. काम? इथं माझं घोडं पेंड खायचं. अनुभव तर विचारूच नका. तिच्या मेट्रननं तिला अनुभवाचा दाखला दिला होता, जाड कागदावर, सुंदर अक्षरात: कामात चोख, रुग्णांशी प्रेमळ, वेळेची पक्की. तो मी तिच्या नकळत नाही, तिच्यासमोर दोनदा वाचला. मला दाखला द्यायचा झाला असता तर सासूबाईंनी काय लिहिलं असतं? 'भाकरी बरी थापते. तोंड जास्त चालते.' आणि तेही खोटं नाही.

फोटोवाल्यानं तिला डोक्यावरचा पदर काढायला लावला, दोन्ही कान दिसायला पाहिजेत म्हणून. तो फोटो घरी आला तेव्हा सासूबाई बराच वेळ पाहत राहिल्या. म्हणाल्या, "हे तं लग्नाआधीची वाटते." मला तो फोटो अजून दिसतो. मंगला नव्हतीच ती. शाळेच्या वळणावर दप्तर घेऊन उभी असलेली लीला होती, तशीच थोडी घाबरलेली आणि तशीच हट्टी.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ भाजणारे दिवस, लागायच्या सुमारास दिल्लीच्या वकिलातीतून पत्र आलं. नर्सिंगचा डिप्लोमा लीला नावाच्या मुलीचा आहे. पासपोर्ट आणि लग्नाचे कागद मंगला नावाच्या बाईचे आहेत. दोघी एकच कशावरून? अर्ज तिथंच अडला. वसंताच्या ओळखीच्या वकिलानं सांगितलं, लग्नाआधी आणि लग्नानंतर दोन्ही काळात हिला जवळून पाहिलेल्या शिकल्यासवरल्या माणसाचं प्रतिज्ञापत्र लागेल. तिची आई लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी गेलेली, भाऊबहीण नाही. चुलते बुटीबोरीकडे शेती करायचे. बोलाचालीत नव्हते. संध्याकाळी सगळे पुढच्या खोलीत बसून विचार करत होते, कोण, कोण. मी दारात उभी होते. कोणाचीच मान माझ्याकडे वळेना. शेवटी मंगलाच म्हणाली, "जाऊबाई हायेत ना."

खरं सांगते, त्या क्षणी मला जे सुख झालं तसं माझ्या दोन्ही बाळंतपणांत झालं नव्हतं. कॅनडा नावाचा एवढा मोठा देश, आणि त्याची कडी माझ्या हातात! दोन दिवस मी मुद्दाम होकार दिला नाही. पाहू म्हटलं. उन्हात डोकं दुखतं म्हटलं. त्या दोन दिवसांत ताटीवर पाणी मंगलानं मारलं. सासूबाईंचा वेगळाच राग होता. "देवाब्राह्मनासमोर ठेवलेलं नाव. आता ते जुनं काहून उकरून काढता? ज्या घरची सून त्या घरचं नाव." हे म्हणाले, "आई, कायद्याचं काम आहे." मग माझ्याकडे पाहून, "तू जाशील ना?" यांनी मला काही विचारावं, असे प्रसंग फार कमी आले. मी जाईन म्हटलं.

सिव्हिल लाइन्सच्या कचेरीत कडुनिंबाखाली टायपिस्टांची टेबलं असत. आम्ही दोघी रिक्षातून उतरलो तेव्हा टाइपरायटरच्या पट्ट्या हात लावू देत नव्हत्या इतक्या तापलेल्या. टायपिस्ट ओल्या फडक्याला बोटं पुसत होता. वकील म्हातारे, काळ्या कोटात घामाघूम. "तुमी हिले कवापासून ओळखता?" मी म्हटलं, शाळेपासून. "त्याच शाळेत होत्या, याचा कागद?" मी माझा शाळेचा दाखला काढून दिला. त्यांनी चष्मा वर केला. "हे तं इंदुमती हाये. तुमी तं सुनंदा सांगितलं."

"मीच इंदुमती."

"कोन म्हनते?"

टायपिस्ट हसला. मी नाही हसले. वकिलांनी दाखला घडी करून परत दिला. "मंग बाई, आधी तुमचं करा लागते. तुमी कोन हेच कागदावर नाही, तं तुमी दुसऱ्याची वळख काय देनार?"

त्या दाखल्याकडे आमच्या घरात कोणाचं लक्षच गेलं नव्हतं. दोन सुनांची नावं ज्या घरानं बदलली, त्या घराला एका सुनेचं निस्तरताना दुसरीचं आठवलं नाही. मलाही आठवलं नाही, हे विशेष. आता मला दोन्ही नावांनी ओळखणारं कोण? यांच्या घरच्यांना सुनंदा माहीत, उमरेडला इंदू. दोन्हीकडचं ठाऊक असलेलं माणूस त्या कडुनिंबाखाली एकच होतं. ती पुढे झाली. "मी सांगते ना. मी वळखते याईले. लहानपनापासून." वकिलांनी आमच्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं. "म्हनजे तुमची वळख हे देईन, आन हिची तुमी द्यान?" मग स्वतःशीच म्हणाले, "चालते. साहेबाले काय, कागद पाहिजे." कार्बन लावून टायपिस्टानं दोन्ही कागद ठोकले. माझा आधी, तिचा नंतर.

साहेबांच्या खोलीलाही वाळ्याची ताटी होती. चपराशी मधूनमधून तिच्यावर पाणी मारत होता. तोच वास. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही दोघी बसलो होतो आणि त्यानं दारातून पुकारा केला, "इंदुमती उर्फ सुनंदा हाजिर?" कोणी उठेना. त्यानं पुन्हा पुकारलं. मी इकडेतिकडे पाहिलं, कोण बाई आहे, उठत का नाही? तेव्हा शेजारून तिनं माझ्या दंडाला धरलं आणि अगदी हळू म्हणाली, "इंदूताई, तुमालेच बोलावून राहिले."

मी उठले. आत गेले. साहेबांनी विचारलं, तुम्हीच इंदुमती का? मी म्हटलं, होय. मग माझ्या कागदावर सही झाली, तिची साक्ष झाली. मग दुसरा कागद. ही बाई आणि लीला एकच, हे तुम्ही शपथेवर सांगता का? मी कितीदा मनात घोळवला होता हा प्रश्न. वाटलं होतं, त्या वेळी जरा थांबीन, तिला माझ्या तोंडाकडे पाहायला लावीन. पण ती लीला नाही म्हटलं, तर मला आत्ता इंदू म्हणाली ती कोण? आणि मी तरी कोण? मी पटकन होय म्हटलं. तिच्यावर उपकार म्हणून नाही. माझं नुकतंच हाती आलेलं जाऊ नये म्हणून.

बाहेर रसवंतीवर आम्ही उसाचा रस प्यायला बसलो. घुंगरं वाजत होती, लिंबाचा, आल्याचा वास होता. तिथं आमचं कोणी नव्हतं, म्हणून ती इंदूताई म्हणत राहिली आणि मी लीला म्हणत राहिले. शाळेतल्या मास्तरांच्या नकला केल्या. मग ती एकदम म्हणाली, "मले भेव वाटते इंदूताई. तिथं मले कोनीच वळखनार नाही." मी ग्लास खाली ठेवला आणि तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं, बाई गं, तेवढं एक सुख मला दे आणि बाकी सगळं तू घे. तोंडानं म्हटलं, "होईन सवय." घरी पोचलो तर सासूबाई दारातच. "झालं काय काम, सुनंदा? ताटी सुकली पाहा." मी बादली उचलली.

दिवाळीनंतर त्यांचं सगळं मंजूर झालं. स्टेशनवर घरचे, शेजारचे, वसंताच्या कारखान्यातले, केवढी माणसं. ती सगळ्यांच्या पाया पडत माझ्यापर्यंत आली. वाकली. मी वाट पाहत होते. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. ती म्हणाली, "येते, जाऊबाई." बरोबरच होतं तिचं. गाडी हलली तेव्हा सासूबाई वसंतासाठी रडत होत्या, हे भावासाठी डोळे पुसत होते. मी कशासाठी रडत होते हे सांगायची पंचाईत होती. सगळा उन्हाळा मी तिला कॅनडा मिळतो म्हणून जळले. गाडी गेल्यावर कळलं, नागपुरात मला इंदू म्हणणारं शेवटचं माणूस त्या गाडीत बसून गेलं. तिचा कागद तिच्या फाइलीला लागला. माझा कोणत्याच फाइलीला लागला नाही. तो माझ्या लोखंडी कपाटात साड्यांखाली आहे. मी मीच आहे याचा सरकारी पुरावा, पण तो मागतो कोण?

सासूबाई गेल्या, हे गेले. ताटीच्या जागी कूलर आला, कूलरवर एसी बसला. माझ्या सुनेनं लग्नात नाव बदललंच नाही. बँकेचे, पासपोर्टचे घोळ कोण निस्तरेल, असं तिनंच तांदळाचं ताट पुढे यायच्या आधी सांगून टाकलं. मी "बरं केलंस" म्हटलं आणि दोन दिवस तिच्याशी नीट बोलले नाही.

तिकडे डिप्लोमा लीलाचा, म्हणून कामावरचं नाव लीला. छातीवरच्या पट्टीवर लीला, दवाखान्यात लीला, शेजारी लीला. वसंताही आता लीलाच म्हणतो म्हणे. रविवारी तिचा फोन येतो. "इंदूताई, कूलर लावला काय?" लावला. "वाळा टाकला?" टाकला. मग ती बर्फाचं सांगते, गुडघ्याचं सांगते, नातवंडांना मराठी येत नाही म्हणून हळहळते. मी हं हं करते आणि जळते. बर्फाचं मला काही नाही, तो तिला लखलाभ. पण सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिला तिचं नाव फुकट मिळतं. मला आठवड्यातून एकदा मिळतं, तेही तिच्याच तोंडून, तिला सवड असली तर. म्हणून ती फोन ठेवायला लागली की मी काहीतरी विचारत राहते. परवा विचारायला काही उरलं नाही, तेव्हा म्हटलं, "लीला, नीट ऐकू नाही आलं. काय म्हटलं?"

"काही नाही. ठेवते म्हटलं, इंदूताई."

ऐकू नीटच आलं होतं.